चोवीस गुणसूत्रांची भाजी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची स्लाइड आहे. मुलुंडच्या एका कॉलेजात, वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझी बारा वर्षं गेली. चिरडणं हे माझं काम. मुळाचं कोवळं टोक कापतात, आम्लात उकडतात, रंगवतात आणि माझ्यावर ठेवून पातळ काचेखाली अंगठ्याने दाबतात. पेशी पसरल्या की गुणसूत्रं मोजता येतात. मुळाला काय वाटतं, हे मी कधी विचारलं नाही. मग प्रयोगशाळेतले शिपाई धाकूमामा मला साबणाने धुतात आणि पुढचं मूळ येतं.

श्रुतिकाने आपल्या संशोधनासाठी भांडुपच्या टेकडीवरून फोडशी या पावसाळी रानभाजीची रोपं आणली होती. सगळ्यांत गुणसूत्रं सोळा, म्हणजे आठाचे दोन संच. एकात मात्र, ज्याचं मूळ माझ्यावर होतं, आठाचे तीन, चोवीस! नव्या जातीची सुरुवात कधीकधी अशीच होते. अशा रोपाला सहसा बी धरत नाही, म्हणून होतं ते एवढंच. श्रुतिका आनंदाने रडली. आतलं वाळू नये म्हणून माझ्यावरच्या पातळ काचेच्या कडा तिने नेलपॉलिशने बंद केल्या. फोटो उद्या सरांसमोरच काढू, म्हणाली आणि मला डबीत घालून घरी नेलं. पहिल्यांदाच मला कुणी धुतलं नव्हतं. मला फार मिजास चढली.

घरी गॅलरीत ज्या कुंडीत तिने ते रोप लावलं होतं, ती रिकामी होती.

"आई, माझं रोप?"

"कवळी फोडशी ती, जून झाली तर कोण खातला? म्हणान केलंय भाजी," कुंदाबाई म्हणाल्या. मुळं कचऱ्याच्या गाडीतून कांजूरच्या कचराभूमीत गेली होती.

आता पुरावा म्हणून मी एकटीच उरले.

दुसऱ्या दिवशी तिच्या मार्गदर्शकांनी, मार्तंडसरांनी, आधी तिचा जेवणाचा डबा उघडला. "फोडशी? झकास गं! आईला सांग हं." त्यांनी डबा चाटूनपुसून संपवला. मग तेलकट बोटांनी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली सरकवलं आणि घाईघाईने स्क्रू फिरवला. भिंग माझ्यावर टेकलं. कर्रकन मी फुटले.

"जाऊ दे. चोवीस कशी असतील? मोजायला चुकलीस तू. दुसरं मूळ आण, नाहीतर सोळा लिही."

दुसरं मूळ कुठून आणणार? पानं सरांच्या पोटात, मुळं कांजूरला.

मी आता फुटक्या काचांच्या डब्यात आहे. मित्रांनो, मुळं कापायची तर कापा, पण रोप खायचं नाही, हे आधी घरात सांगा. आणि भिंग हळू उतरवा. मी आयुष्यभर चिरडत आले, मला दया मागायचा हक्क नाही. पण श्रुतिकाने वहीतलं चोवीस खोडलं आणि एका झटक्यात सोळा लिहिलं. ते मात्र मला सहन झालं नाही.