कवचनिवड उपसमिती

संशोधन मंडळात कोणतीही वस्तू घेताना एक पथ्य कटाक्षाने पाळले जाई. एकमेकींसाठी असलेल्या दोन वस्तू निवडणाऱ्यांनी एकमेकांचे तोंड पाहायचे नाही. कपाट निवडणाऱ्यांना कुलूप कोणते येणार हे ठाऊक नसे आणि कुलूप निवडणाऱ्यांना कपाट. या पथ्याला मंडळात निःपक्षपात म्हणत. मंडळातले एकही कपाट नीट बंद होत नसे, आणि ही उघडी कपाटे पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने दाखवली जात.

अशा मंडळाकडे धाकटीने पाण्याखाली चालणारा कॅमेरा मागितला.

धाकटीचे केस पिकले होते, जुन्या शिलालेखांवरची तिची पुस्तके परदेशातल्या ग्रंथालयांत होती, तरी घरात आणि मंडळात ती धाकटीच होती. कारण मंडळाचे अध्यक्ष हे तिचे थोरले बंधू होते. घरी तो दादा. मंडळाच्या उंबरठ्याच्या आत ते अध्यक्ष महोदय. या दोघांची गल्लत झालेली अध्यक्षांना खपत नसे, आणि दादालाही.

तिचे काम साधे होते. शहराच्या दगडी तळ्याच्या पायरीवर एक लेख कोरलेला होता. त्याच्या वरच्या ओळी दादाने तरुणपणी, पाणी आटले असताना वाचल्या होत्या. त्यांत एका सरदाराचे नाव होते. तेच नाव तळ्याचा निर्माता म्हणून चौकातल्या पितळी पाटीवर झळकत होते, आणि त्याखाली वाचन करणाऱ्याचे, म्हणजे दादाचे. शेवटची ओळ मात्र तेव्हाही पाण्यातच राहिली होती. धाकटी पोहायला जाई तेव्हा ती ओळ बोटांनी चाचपे. अक्षरे लागत, शब्द जुळत नसत. एवढे मात्र तिला कळले होते की तिथे आणखी एक नाव आहे, आणि ते सरदाराचे नाही.

आता नगरपालिकेने तळे साफ करायला काढले होते. तराफ्यावर बसवलेले लोखंडी दातांचे यंत्र पायऱ्या खरवडत येणार होते. त्यापूर्वी ती ओळ टिपली गेली नाही, तर ते नाव शेवाळाबरोबर निघून जाणार होते.

मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिने प्रयत्न करून पाहिला होता. फोटोत हिरवा अंधार आला आणि त्यात तिचा स्वतःचा अंगठा तेवढा स्पष्ट आला. मंडळाने तो पाहून नोंदवले की अंगठ्याचे वाचन करण्याची मंडळात प्रथा नाही; पुरावा म्हणून मंडळाच्या स्वतःच्या कॅमेऱ्याने घेतलेले छायाचित्रच ग्राह्य धरले जाईल.

मंडळाकडे कॅमेरा नव्हता.

म्हणून दोन उपसमित्या नेमण्यात आल्या. एक डीएसएलआर कॅमेरा निवडणार, दुसरी त्याला पाण्यात नेणारे कवच. दोन्हींचे अध्यक्षपद भूषवील असा निःस्पृह माणूस मंडळात एकच होता. अध्यक्ष महोदय उजव्या खोलीत कॅमेऱ्याची चर्चा ऐकत, मग चष्मा काढून खिशात ठेवत, बाहेर येऊन पाणी पीत, आणि डाव्या खोलीत कवचाच्या चर्चेला बसत. उजवीकडे ऐकलेले डावीकडे त्यांना माहीत नसे. ते तसे ढोंग करीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एवढ्या वर्षांच्या सरावाने त्यांना खरोखरच माहीत नसे.

डाव्या खोलीत दुकानदाराने टेबलावर एक चकचकीत ॲल्युमिनियमची पेटी ठेवली. पुढे काचेचा घुमट, दोन्ही बाजूंना मुठी, अंगभर कळा आणि दांड्या.

“सर, हे हाउसिंग म्हणजे मापाचा अंगरखा समजा,” दुकानदार म्हणाला. “प्रत्येक मॉडेलचं वेगळं. कॅमेऱ्याचं जिथं बटन, बरोबर तिथंच आतून दांडी येते. म्हणून आधी सांगा, कॅमेरा कोणता?”

“ते सांगता येणार नाही,” अध्यक्ष म्हणाले.

“अजून ठरला नाही का?”

“ठरला असेल. मला माहीत असण्याचं कारण नाही.”

दुकानदाराने धाकटीकडे पाहिले. ती निमंत्रित म्हणून कोपऱ्यात बसली होती. तिला बोलायला परवानगी होती, उत्तर मिळण्याचा अधिकार नव्हता.

“अध्यक्ष महोदय,” ती म्हणाली, “कॅमेरा शेजारच्या खोलीत ठरला आहे. आपणच त्यावर सही केली आहे. त्या सहीची शाई आपल्या बोटाला लागलेली मला इथून दिसते आहे.”

अध्यक्षांनी बोट रुमालाने पुसले. “निमंत्रितांनी शेजारच्या खोलीचा उल्लेख टाळावा. पुढे.”

मग परीक्षा झाली. अशा पेटीत कॅमेरा घालण्यापूर्वी ती रिकामीच पाण्यात बुडवतात, आत फक्त टिश्यू पेपर ठेवून. कागद कोरडा राहिला की पेटी पास. बादली आणली गेली. पेटी बुडाली. सभासद बादलीभोवती उभे राहिले. पेटी बाहेर आली, उघडली गेली, आणि लेखापालांनी कागद गालाला लावून पाहिला.

“कोरडा ठणठणीत,” ते म्हणाले. मग त्यांनी तो पुन्हा एकदा गालाला लावून पाहिला. मंडळाने निवडलेली एखादी गोष्ट ठरलेले काम करते आहे, हा अनुभव त्यांना नवा होता. कागदाच्या संरक्षणासाठी याहून उत्तम पेटी असू शकत नाही, असा ठराव एकमताने संमत झाला.

घरी आई पाने मांडत होती. तिने दादाकडे निरखून पाहिले.

“आज जेवायला कोण बसलंय? कोणत्या खोलीतला?”

“आई, मी तुझा मुलगा आहे.”

“मग बहिणीला सांग, कॅमेरा त्या डब्यात बसतो का नाही.”

“घरात मंडळाचं बोलायचं नाही, हे बाबांच्या वेळेपासून ठरलंय.”

“तुझे बाबा मंडळात शिपायाशी बोलायचे आणि घरी कुणाशीच नाही,” आई म्हणाली. “मी डब्याचं झाकण घेताना डबा बरोबर नेते. एवढं कळायला कुठल्या खोलीत बसावं लागतं?”

“झाकण आणि डबा एकाच माणसानं निवडला की पक्षपात होतो, आई.”

“होऊ दे की! आमटी तर सांडत नाही.”

धाकटीने भात पुढे ओढून घेतला. तिचा राग थंड होता. अशा रागाची माणसे भाताचे शीत शीत वेगळे करून खातात. तिने तसे खाल्ले.

व्हायचे तेच झाले. कॅमेरा आणि कवच भांडारात प्रथमच एकमेकांसमोर आले. कॅमेरा पेटीत गेला, पण मोठ्या भावाचा सदरा घातलेल्या पोरासारखा आत डुलू लागला. भांडारपालांनी त्याच्याखाली घडी घातलेले फडके सारले. पेटी बंद झाली. फोटो काढण्याच्या कळेची दांडी कॅमेऱ्याला कुठेच टेकत नव्हती. दुसरी एक दांडी मात्र नेमकी एका बटनावर बसत होती, आणि ते बटन काढलेला फोटो पुसण्याचे होते. तिच्या शेजारची दांडी त्या पुसण्याला संमती देत होती. म्हणजे या संयोगाने पाण्याखाली फोटो काढता येत नव्हता. पुसता येत होता.

“निम्मं काम होतंय,” लेखापाल म्हणाले.

धाकटी तळ्यावर गेली, कारण मंडळाच्या इमारतीत आणखी क्षणभर थांबली असती तर तिने बादली उचलली असती.

तळ्यात पाणीच नव्हते. यंत्राचे दात गाळात रुतू लागले, तेव्हा सफाईच्या मुकादमाने वैतागून पंप लावले होते आणि तळे उपसून टाकले होते. पायऱ्या उन्हात वाळत होत्या. तराफा चिखलात तिरका बसला होता आणि त्यावरून उतरवलेले यंत्र हळूहळू लेखाच्या दिशेने पायऱ्या खरवडत येत होते. ती धावत खाली उतरली, पदराने दगड पुसला, आणि शेवटची ओळ वाचली.

ओळ अशी होती: वर ज्याचे नाव आहे त्याने दगड दिला, तळे खणले आणि बांधले ते पाथरवटाच्या विधवेने, आपल्या मुलींसह, ज्याला इथले पाणी गोड लागेल त्याने तिचे नाव घ्यावे. आणि मग नाव.

चौकातली पाटी खोटी होती. पितळेची होती, खालचे दादाचे नाव खरे होते, आणि पाटी खोटी होती.

तिने मोबाइलवर फोटो काढला. आरशासारखा स्वच्छ आला. मग मुकादमाच्या हातापाया पडून तिने यंत्र थांबवायला लावले आणि दादाला बोलावून घेतले. अध्यक्ष महोदय आले, लेखापाल आले. मागून भांडारपाल कॅमेऱ्यासकट पेटी छातीशी धरून आले.

“वाच,” धाकटी म्हणाली.

“माझ्याशी कोण बोलतंय?” अध्यक्षांनी विचारले.

“दादा, मी बोलतेय. वाच.”

इथे उंबरठा नव्हता. क्षणभर ते घोटाळले. मग चष्मा लावून वाकले. ओळीवरून बोट फिरवीत गेले, नावापाशी थांबले, आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. त्यांच्या तरुणपणी पाणी आणखी वीतभर आटले असते, तर त्यांचे नाव खऱ्या पाटीखाली आले असते.

“विधवेनं,” ते हलकेच म्हणाले.

“आणि मुलींनी.”

“मी हे भाऊ म्हणून वाचलंय,” दादा म्हणाला. ताठ होत अध्यक्ष पुढे म्हणाले, “मंडळाने अद्याप वाचलेले नाही.”

“दादा, फोटो आहे माझ्याकडे! दगड समोर आहे! तू त्यावर उभा आहेस!”

“मंजुरी पाण्याखालच्या छायाचित्राला आहे. हा दगड कोरडा आहे. मंजूर झालेला दगड ओला होता. हा तोच, हे कशावरून?”

मुकादम इतका वेळ पाने चघळणाऱ्या बकरीकडे बघावे तसा या मंडळींकडे बघत होता. “साहेब, मला एक सांगा. मी दगड खरवडू का नको?”

“छायाचित्र होईपर्यंत या दगडाला हात लावता येणार नाही. मंडळाचा विषय आहे तो.”

“आणि फोटो झाला की?”

“झाला की दगडाचं मंडळाला काम नाही. मग खुशाल खरवडा.”

“पण फोटोला पाणी लागतं म्हणता.”

“अर्थात.”

“ते तर मी काढलं.”

“मग घाला,” अध्यक्ष म्हणाले.

लेखाभोवती वाळूच्या गोण्या रचल्या गेल्या. टँकर आला. मुकादमाच्या माणसांनी पाइप धरून त्या पायरीपुरते पाणी भरले, आणि कोरड्या तळ्याच्या कडेला एक लहानसे तळे तयार झाले. अध्यक्षांनी त्यात हात बुडवून खोली पुरेशी असल्याचा निर्वाळा दिला. यंत्र त्याला वळसा घालून पुढे गेले. पुढे सफाई संपली, तळे पुन्हा भरले, बाकीच्या पायऱ्या तासलेल्या पेन्सिलीसारख्या गोऱ्या झाल्या. गोण्यांच्या आत मात्र जुने शेवाळ, जुना दगड आणि ते नाव जसेच्या तसे राहिले. शहरात त्याला समितीचे पाणी म्हणू लागले. मुकादमाने ते यंत्र काठावर ठेवून दिले होते, फोटो झाल्याचा निरोप येईपर्यंत.

धाकटीचा मोबाइलवरचा फोटो मंडळाने वाचला नाही. तिने तो वर्तमानपत्राला पाठवला, तर वर्तमानपत्राने मंडळाचा अभिप्राय मागवला, आणि मंडळाने अभिप्रायासाठी फोटोची वाट पाहत असल्याचे कळवले. घरी आई मात्र दर जेवणाला पाण्याचा पेला उचलला की त्या विधवेचे नाव घेई, मोठ्याने, दादाकडे बघत. दादा मान खाली घालून पाणी पिई. काही दिवसांनी त्याचे ओठही हलू लागले.

आणि मग दुकानदार योग्य पेटी घेऊन आला. कॅमेरा कोणता हे त्याला कुणी सांगितले नव्हते; भांडारपालांनी छातीशी धरलेल्या पेटीच्या काचेतून ते अख्ख्या शहराला कळले होते.

सभा भरली. कॅमेरा पेटीत असा बसला की जणू तिथेच जन्मला. प्रत्येक दांडी आपापल्या बटनावर टेकली. बादली आली, पेटी बुडाली, वर आली, आणि लेखापालांनी कागद गालाला लावला.

“ठणठणीत,” ते म्हणाले. पाणी या खेपेला त्यांच्या डोळ्यांत होते.

“तर मग,” अध्यक्ष म्हणाले, “उद्या छायाचित्र घेण्यात येईल आणि नगरपालिकेला तसा निरोप देण्यात येईल. कुणाची हरकत?”

धाकटी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. खिडकीतून तळे दिसत होते. काठावर यंत्राचे दात उन्हात चमकत होते. फोटो झाला की दगडाचे मंडळाला काम नव्हते. या घटकेला त्या नावाचा जगात एकच संरक्षक होता, आणि तो म्हणजे हे मंडळ, जोवर त्याला काही जमत नव्हते तोवर.

तिने आयुष्यभर मूर्खपणाचा द्वेष केला होता. तिने हात वर केला.

“अध्यक्ष महोदय, कागद कोरडा राहिला हे मान्य. पण तो बादलीतल्या पाण्यात कोरडा राहिला. हे कवच तळ्यातल्या पाण्यासाठी आहे. बादली कुणी निवडली? ज्या समितीनं कवच निवडलं, तिनंच?”

लेखापालांनी कागद खाली ठेवला.

“हा पक्षपात आहे,” ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला अनोळखी वाटला. तो दादाचा होता. “बादली निवडायला स्वतंत्र उपसमिती हवी. आणि पाणी निवडायला आणखी एक.”

अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिले. मंडळाच्या उंबरठ्याच्या आत त्यांनी बहिणीकडे असे कधी पाहिले नव्हते. मग त्यांनी खिडकीकडे, काठावरच्या यंत्राकडे पाहिले, आणि सावकाश चष्मा काढून खिशात ठेवला.

“हरकत रास्त आहे,” ते म्हणाले. “दोन्ही समित्यांचं अध्यक्षपद मीच घेईन. घाई होणार नाही, याची मी जातीनं काळजी घेईन.”

बाहेर येऊन ते माठाशी थांबले. पेला भरला, तोंडाला लावण्यापूर्वी कुणाचे तरी नाव पुटपुटले, पाणी प्यायले, आणि तिसऱ्या खोलीचे दार उघडून आत गेले.