ऑफनंतरची ऊब

लाँड्रीत सगळ्या तिला वहिनी म्हणत. इस्त्रीपुढे उभं राहून राहून तिचा उजवा तळवा चामड्यासारखा झाला होता, आणि इंग्रजीतला एकच शब्द अंगात मुरला होता: ऑफ. संध्याकाळी प्रत्येकीने आपली इस्त्री स्वतः बंद करायची आणि मोठ्यांदा ‘ऑफ’ म्हणायचं, हा तिथला नियम. जिने लावली तिनेच बंद करायची, दुसरीने बटणाला हात लावायचा नाही. सगळ्यांचा ‘ऑफ’ ऐकू आला की मगच वहिनी कुलूप घालायची.

नवरा बसचालक. सुट्टीच्या दिवशी पाय पसरून म्हणायचा, "आज मी ऑफ. चहाशिवाय कुणी मला हलवू नये." भांडण झालं की, "मूड ऑफ आहे, जेवण मात्र ऑन ठेव."

तीही काही कमी नव्हती. "तुमचं तोंड तेवढं एक दिवस ऑफ होऊ दे, देवाला नवस बोलते," म्हणायची.

आता दवाखान्यात त्या तोंडात नळी होती, आणि ते बोलणं आठवून तिच्या काळजाचं पाणी पाणी होत होतं.

दाराबाहेर डॉक्टर लेकीशी हळू आवाजात बोलत होते. बाकी काही कळलं नाही, पण तो शब्द वहिनीने बरोबर टिपला.

"काय ऑफ करायचं म्हणतायत गं?"

लेकीने ओठ चावला. "श्वासाचं मशीन, आई. बाबांचा मेंदू गेलाय. दोनदा तपासलं त्यांनी. आपण हो म्हटलं की..."

"मग परत ऑन करतील ना? आमच्या इस्त्र्या होतात की सकाळी!"

"मशीन होईल, मावशी," डॉक्टर म्हणाले. "तुमचे यजमान नाही होणार."

वहिनी तडक आत गेली आणि नवऱ्याचे पाय दोन्ही हातांनी धरले. "गरम आहेत! अहो, या इकडे, हात लावून बघा. गेलेल्या माणसाचे पाय असे असतात होय?"

डॉक्टरांनी खरंच हात लावला. "गरम आहेत. पण ती ऊब मशीनने टिकवलीय."

"खोटं! देवा, माझा सगळा जप घे, माझे सगळे उपास घे, एकदा डोळे उघडव रे यांचे. एकदा भांडू दे माझ्याशी!"

लेक तिला कवेत घ्यायला आली, तर तिने झिडकारलं. पायांवरचा हात मात्र काढला नाही. त्या हातालाच आधी समजलं. बाळांची झबली, तलम रुमाल ती नेहमी शेवटाला ठेवायची. ऑफ केल्यावरही इस्त्री बराच वेळ तापलेली राहते, आणि त्या उरल्या उबेवर नाजूक कपडे न करपता सरळ होतात. ऊब आहे म्हणजे चालू आहे असं नव्हे. नव्या पोरींना हे तीच तर शिकवायची.

ती पलंगाशी जमिनीवर बसली. म्हणाली, "बटण मी बंद करते. माझं माणूस आहे. परक्याने हात लावायचा नाही."

डॉक्टर तिच्याजवळ उकिडवे बसले. "हे ओझं तुम्ही नका घेऊ. त्यांना आणलं तेव्हा मशीन मीच लावलं होतं."

वहिनीने त्यांच्याकडे बघितलं. नियम तिचाच होता. ज्याने लावलं त्यानेच बंद करायचं.

"मग तुम्हीच करा," ती म्हणाली. "पण मोठ्यांदा म्हणायचं. नुसतं गुपचूप नाही."

डॉक्टरांनी मान हलवली. नळी काढली, बटणाशी गेले. बटण दाबलं आणि मोठ्यांदा म्हणाले, "ऑफ."

मशीनचा आवाज थांबला. वहिनीने हंबरडा फोडला नाही. तिने नवऱ्याच्या चुरगळलेल्या बाहीवरून तळवा फिरवायला घेतला, खांद्यापासून मनगटापर्यंत, पुन्हा खांद्यापासून.

"ये गं," ती लेकीला म्हणाली, "तो दुसरा हात तू धर. लवकर. अजून ऊब आहे."