हालिनाबाईंची ओटी

युक्रेनच्या पाहुण्या बाई सुनंदाबाईंच्या गळ्यात पडल्या त्या केवळ कमोडमुळे. मुख्याध्यापक दत्तात्रय सरांनी स्टाफरूममध्ये विचारलं, "कोणाकडे कमोड आहे?" आणि सुनंदाबाई खरं बोलून गेल्या. बाकीच्यांकडे कमोड नव्हते अशातला भाग नाही. त्यांनी फक्त वेळीच वह्यांत डोकं घातलं.

हालिनाबाई पोल्तावाच्या एका शाळेत भूगोल शिकवायच्या. पंधरा दिवसांसाठी त्या सिल्वासाच्या शाळेत आल्या होत्या आणि रविवारी संध्याकाळी मुंबईमार्गे परत जाणार होत्या. जाण्याआधीचा शनिवार-रविवार त्यांना चार ठिकाणं दाखवावीत, घरचे दोन घास खाऊ घालावेत, एवढंच सुनंदाबाईंना करायचं होतं. पाहुण्यांचं त्यांना वावडं नव्हतं. मूळच्या दापोलीच्या, तीस वर्षं सिल्वासात मास्तरकी केलेल्या बाई. पाहुणा आला की त्यांच्या अंगात दहा हत्तींचं बळ यायचं. पण त्या आठवड्यात घरातच भडका उडालेला होता.

अश्विनीचं, त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, पुढच्या महिन्याच्या अठरा तारखेला लग्न होतं. मुलगा प्रथमेश वापीचा, चांगला. हॉल ठरला, आचारी ठरला, आणि सगळं अडलं हळदीवर. अश्विनीचं म्हणणं, पहिली हळद आईनेच लावायची. सुनंदाबाईंचं म्हणणं, पहिली हळद सवाष्णीची. अश्विनीचे बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून सुनंदाबाईंनी स्वतःला सगळ्या शुभकार्यांतून असं काही वजा केलं होतं की जणू कोणी सरकारी आदेशच काढला होता. घरी कोणी लेकीसुना आल्या तर ओटी भरायला खालच्या मजल्यावरच्या केसरबाईंना हाक जायची. केसरबाई शहाद्याकडच्या, नवरा वाल्मिक राखोलीच्या कारखान्यात कामाला. दोन वर्षांत त्या सुनंदाबाईंच्या घरच्या कायमच्या सवाष्ण झाल्या होत्या. हळदीसाठीही त्याच, आणि दापोलीहून जाऊबाई उषा. मी मागे उभी राहीन, असं सुनंदाबाईंनी जाहीर केलं.

"तू नाही लावलीस तर मी हळदच लावून घेणार नाही," अश्विनी म्हणाली होती. त्यानंतर चार दिवस मायलेकींत फक्त मिठाची बरणी आणि गॅसची टाकी यांबद्दलच बोलणं झालं.

खरं सांगायचं तर लेकीच्या गालाला हळद लावायची सुनंदाबाईंना इतकी इच्छा होती की विचारानेही त्यांचे डोळे भरायचे. पण त्यांना भीती वाटायची. आपल्या हाताने पोरीच्या संसाराला काही लागलं तर? शाळेत पोरांना विज्ञान शिकवणारी बाई हे कोणाला सांगणार?

शनिवारी सकाळी हालिनाबाई डोकमर्डीतल्या सुनंदाबाईंच्या फ्लॅटच्या दारात उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, उंच, करड्या केसांच्या. सुनंदाबाईंनी बॅग घ्यायला आतून हात पुढे केला, तर बाईंनी बॅग मागे ओढली, उंबरठा ओलांडून आत आल्या आणि मगच बॅग हातात दिली. "आमच्याकडे उंबरठ्यावरून देवाणघेवाण करत नाहीत," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

सुनंदाबाईंनी अश्विनीकडे असा कटाक्ष टाकला की, बघ, याला म्हणतात वळण.

त्या क्षणी दोघींचं जमलं ते जमलंच. घरात शिट्टी वाजवू नये, हे हालिनाबाईंकडेही होतं. फुलं द्यायची तर विषम संख्येत, सम फुलं फक्त मेलेल्या माणसाला. त्यांनी आल्या आल्या अकरा निशिगंध दिले होते, ते सुनंदाबाईंनी मुद्दाम मोजून पाहिले. शेजारून आलेलं भांडं रिकामं परत पाठवू नये, हे तर दोघी एकदमच बोलल्या आणि हसल्या. अश्विनी म्हणाली, "एक पुरेशी नव्हती, आता दोन झाल्या."

शनिवारी आदिवासी संग्रहालय झालं. वारली लग्नाच्या चित्रापुढे हालिनाबाई अर्धा तास उभ्या होत्या, आणि सुनंदाबाई तेवढा वेळ पाय बदलत. मग वनगंगेच्या बागेत भेळ. संध्याकाळी हालिनाबाईंनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि बोर्श नावाचं बिटाचं लालभडक सार केलं. त्यात आंबट साय घालतात म्हणे, इथे घट्ट दह्यावर भागलं. सुनंदाबाईंनी चव घेतली. आमटीच होती, फोडणी विसरलेली. पाहुणीची पाठ फिरल्याबरोबर त्यांनी आपल्या वाटीत चमचाभर हिंग-मोहरीची फोडणी ओतली आणि मग दोन वाट्या मनापासून खाल्लं.

पाहुणीच्या नवऱ्याबद्दल मात्र त्यांनी काही विचारलं नाही. लढाईचा मुलूख, माणूस कुठे असेल, कसा असेल, उगाच कशाला जखमेवर बोट ठेवा. विचारायची गरजही नव्हती. हालिनाबाईंच्या डाव्या हातात लग्नाची जाड सोन्याची अंगठी होती. म्हणजे नवरा आहे. विषय संपला. सुनंदाबाईंनी रात्री झोपण्यापूर्वीच केसरबाईंना निरोप धाडला: उद्या चार वाजता ओटी भरायला या.

रविवारी तिघी दुधनीला जाऊन आल्या. धरणाच्या पाण्यात शिकाऱ्यातून फिरल्या. उन्हात पाणी चमकत होतं, पलीकडे डोंगर, आणि नाव वल्हवणाऱ्याने गुजरातीत विचारलं की या बाई कुठल्या. सुनंदाबाईंनी अभिमानाने सांगितलं, "आमच्या." चार दिवसांनंतर पहिल्यांदा अश्विनी आईच्या खांद्यावर डोकं टेकून बसली. भांडण मिटलं नव्हतं, पण ऊन छान होतं.

चारला घरी परतल्या तर केसरबाई ताट घेऊन हजर. नारळ, तांदूळ, खणाचा तुकडा, सुपारी, पाच केळी, हळद-कुंकू. पाच वाजता शाळेची जीप येणार होती. हालिनाबाईंना पाटावर बसवलं, त्यांच्या हातांवर अश्विनीची ओढणी पसरली आणि सुनंदाबाई नेहमीप्रमाणे दोन पावलं मागे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"हे काय असतं?" हालिनाबाईंनी विचारलं. भूगोलाच्या बाई, नकाशा कळल्याशिवाय पाऊल टाकायच्या नाहीत.

अश्विनीने समजावलं. घरातून जाणाऱ्या बाईची ओटी भरतात. तिचा संसार भरलेला राहावा म्हणून. ज्यांचे नवरे हयात आहेत अशा बायकांची, आणि भरणारीही तशीच लागते.

हालिनाबाईंनी ओढणी हळूच बाजूला केली. "मग थांबा," त्या म्हणाल्या. त्यांनी डावा हात वर केला. "आमच्याकडे नवरा असेपर्यंत अंगठी उजव्या हातात असते. तो गेला की डाव्या हातात घालतात. माझा मिकोला सहा वर्षांपूर्वी गेला. बागेत बटाटे काढताना, हृदयविकाराने. मी आधी सांगायला हवं होतं."

सुनंदाबाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दोन दिवस ज्या अंगठीकडे बघून त्या निश्चिंत होत्या, ती नेमकं उलटं सांगत होती.

केसरबाईंच्या हातात नारळ तसाच. "ताई, मंग मी काय करू? भरू का ठेवू? मले तं काई समजंना."

"पण घर तुमचं," हालिनाबाई सुनंदाबाईंकडे वळल्या. "तुम्ही का मागे उभ्या आहात?"

याचं उत्तर अश्विनीने दिलं, आणि चार दिवसांचं सगळं साठवून दिलं. बाबा गेले, आईने हात आखडून घेतले, आणि अठरा तारखेला माझ्या हळदीलाही ती अशीच भिंतीला चिकटून उभी राहणार आहे.

सुनंदाबाईंना वाटलं, आता ही परदेशी बाई आपल्याला जुनाट म्हणणार. पण हालिनाबाई समजल्यासारख्या मान हलवत होत्या.

"आमच्याकडे लग्नात एक मोठा गोड पाव करतात, कोरोवाय," त्या म्हणाल्या. "त्याचं पीठ सात बायकांनी मळायचं. सातही संसारी, सुखात असलेल्या. विधवेने हात लावायचा नाही. मिकोला गेल्यावर मी दोन लग्नांत बाहेरच्या खोलीत बसले. कोणी बसवलं नाही, मीच बसले. मग लढाई आली आणि माझ्या भाचीचं लग्न ठरलं. गावातल्या अर्ध्या बायका पोरं घेऊन पोलंडला गेलेल्या. उरलेल्यांत संसारी चारच निघाल्या. माझी बहीण पिठाची परात घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, हालिना, मी सात बायका कुठून आणू? तू तिची सख्खी मावशी आहेस. तुझ्याहून जास्त चांगलं तिचं कोण चिंतणार?"

सुनंदाबाई भिंतीपासून पुढे आल्या. या बाईचं बोलणं म्हणजे आजकालच्या पोरींची बडबड नव्हे. ही उंबरठा पाळणारी, फुलं मोजून देणारी बाई होती.

"पाव नीट झाला?" त्यांनी विचारलं.

"त्याला तडा गेला तर अपशकुन मानतात. मी रात्रभर भट्टीजवळ उभी होते, भीतीने. तडा नाही गेला. एवढा फुगला की बाहेर काढताना भट्टीच्या तोंडात अडकला."

"आणि भाची?" सुनंदाबाईंनी लगेच विचारलं. "बरी आहे ना? दोघंही?"

"अगदी ठणठणीत. दीड वर्षाचा मुलगा आहे. घरातली एकही कपबशी धड ठेवली नाही त्याने."

सुनंदाबाईंनी केसरबाईंच्या हातातून ताट घेतलं. केसरबाईंनी ते इतक्या चटकन दिलं की जणू दोन वर्षं त्या हीच वाट बघत होत्या. सुनंदाबाईंचं बोट कुंकवाकडे गेलं आणि थांबलं. एका दिवसात सगळंच जमेल असं नाही. त्यांनी हळद उचलली, हालिनाबाईंच्या कपाळाला लावली, ओढणी पुन्हा त्यांच्या हातांवर पसरली, दोन्ही हातांची ओंजळ करून पाच वेळा तांदूळ तीत घातले, वर नारळ ठेवला. चार दाणे खाली सांडले. काही बिघडलं नाही. हालिनाबाई नारळ पोटाशी धरून रडत होत्या आणि हसतही होत्या.

"केसरबाई," सुनंदाबाई डोळे न पुसताच म्हणाल्या, "अठरा तारखेला सकाळी सातला या. हळद कालवायची आहे."

"आन लावाले?"

अश्विनीने आईकडे पाहिलं.

"पहिली मी लावणार. तुम्ही आणि उषा माझ्या मागे उभ्या राहा."