घंटीचं परस्थान

एकोणीसशे एकसष्टचं साल. मार्गशीर्ष लागला होता. सातपुड्याच्या निळ्या रांगेवरून थंडी उतरे आणि फुटलेल्या कपाशीवरून पावलं टाकत, पांढरी होऊन अचलपुरात शिरे. सकाळ रुपेरी, दुपार कापूसउजळ, सांज जांभळी. आणि तिन्ही प्रहरी, एका अंगणात, उलटी उभी केलेली एक सायकल.

सीट जमिनीला टेकलेली, चाकं आभाळाला. कुमुद हातानं पायडल फिरवी, मागचं चाक भिरभिरू लागे, आरे विरघळत, ऊन त्यांत पिठासारखं दळलं जाई. चाक धावत होतं. वाट तिथंच होती.

वाट उत्तरेची होती. अचलपूर ते हरिद्वार. कुमुद आणि तिची मैत्रीण लीला, कंपाउंडरची मुलगी, दोघी सायकलनं जाणार होत्या. तापी, नर्मदा, बेतवा, चंबळ, यमुना, गंगा. दिवेलागणीला शुभंकरोती म्हणावं तशी कुमुद ही नावं म्हणे. प्रत्येक नाव एकेक उतार, प्रत्येक नाव एकेक गार वारा.

आणि माघात यवतमाळचे पाहुणे तिला बघायला येणार होते. माघापलीकडे दुसऱ्याचा उंबरठा होता, दुसऱ्याचं पाणी, दुसऱ्याची चूल. जायचं तर आत्ता. आत्ता नाही तर या नद्या जन्मभर ओठांवरच वाहायच्या.

नानाजींनी, तिच्या वडिलांनी, नाही म्हटलं नव्हतं. नानाजी नाही म्हणतच नसत. ते पंचांग उघडत.

"मंगळवारी? मंगळवारी उत्तरेला दिशाशूळ, बेटा."

"मग गुरुवारी?"

"गुरुवारी व्यतिपात."

"शुक्रवारी तरी?"

"शुक्रवारी चंद्र आठवा. मी कुठं नाही म्हणतो? आकाश म्हणून राह्यलं."

आकाश निरभ्र होतं. आकाश निळं, निष्पाप, निरुत्तर होतं. कुमुद पुन्हा सायकलीपाशी जाई. साखळीला तेल, ब्रेकचे रबर नवे, पंक्चरच्या सोल्यूशनची ट्यूब चिंधीत, पाना पिशवीत, कॅरियरला सुतळीचे फेरे. बांधलेलं सोडायचं, सोडलेलं बांधायचं. तेल घातलेल्या साखळीला पुन्हा तेल. तिच्या तळव्यांना काळं वंगण आणि डोळ्यांना दूरच्या डोंगरांचं निळं काजळ.

लीला फाटकातूनच ओरडे. "नानाजी आहेत का नागपूरच्या चौकातला पोलीस, गं? हात काही खाली येत नाही! माझ्या दशम्या तिसऱ्यांदा घरच्यांनीच खाल्ल्या."

आई, गिरिजाबाई, ओसरीवर वाती वळत बसलेली असे. हसत नसे, रागवत नसे. नानाजी रोज सकाळी मोठ्यानं पंचांग वाचत आणि ती रोज सकाळी ऐके. ऐकता ऐकता तिच्या कानांना नक्षत्रं पाठ झाली होती. पण हे नानाजींनी कधी विचारलं नव्हतं, तिनं कधी सांगितलं नव्हतं.

अंगणाच्या उत्तरेला एक भिंत होती. भिंतीपलीकडे मथूकाकू, नानाजींच्या थोरल्या भावाची विधवा. भाऊ गेल्यावर हिश्शावरून बोलाचाली झाली, विटेवर वीट चढली, आणि दोन चुलींमधला शब्द आटला. फोडणीचा वास तेवढा भिंत ओलांडे, आणि संध्याकाळची सावली.

त्या भिंतीला टेकूनच सायकल रात्र काढी. तोंड उत्तरेला करून.

मार्गशीर्ष उताराला लागला. चाक धावत होतं. वाट तिथंच होती.

मग एका सकाळी कुमुद अंगणात आली आणि तिची बोटं सवयीनं हँडलवर गेली. घंटी वाजली नाही. खालचा लोखंडी तळवा जागेवर होता, वरची पितळी वाटी नव्हती. सायकल अशी उभी होती, जशी जीभ काढून घेतलेली बाई.

तिनं तुळशीमागं पाहिलं, न्हाणीत पाहिलं, लाकडांच्या ढिगात हात घातला. शोधता शोधता तिच्या छातीत एकच नाव वाजू लागलं. ती ओसरीवर धावत आली, श्वास वर, पदर खाली.

नानाजी चष्मा पुसत होते. तिला बघून हळहळले, अगदी मनापासून हळहळल्यासारखे.

"काल सकाळचा काय योग होता, कुमुद! उत्तरेला तर सोन्यासारखा. माझ्या लक्षातच नाही राह्यला. आता पुढं पौषच. पौषात कोणी निघत नसते."

पौष, आणि मग माघ. तिच्या डोळ्यांपुढं नद्या एकेक करून विझल्या. आधी गंगा विझली. मग यमुना. शेवटी जवळची तापीसुद्धा.

"आणि घंटी? ती कशाला काढलीत, नानाजी? नुसतं नाही म्हणायचं होतं ना एकदा!"

"घंटी? कसली घंटी?"

"घंटी गेली," स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली. हाताला पीठ होतं.

"कुठं गेली?"

"उत्तरेला."

नानाजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"काल सकाळी हे अंघोळीला बसले तेव्हा," आई पिठाचे हात पुशीत म्हणाली. "हळकुंड, सुपारी आणि घंटीची वाटी. खणात बांधून परस्थान ठेवून आले. मथूबाईंकडे."

जुनी रीत ती. मुहूर्तावर निघणं जमत नसेल, तर प्रवाशाची एक वस्तू त्या घटकेला, जायच्या दिशेच्या परक्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघालं. मग मागोमाग जायचं, वस्तू उचलायची आणि पुढं चालायचं. निघालेलं परस्थान घरात परत आणलं तर घराला अशुभ. हे नानाजींनीच गावाला शेकडो वेळा सांगितलं होतं.

नानाजींनी पंचांग उघडलं, मिटलं.

"ते परस्थान लागत नाही," ते म्हणाले. "परकं घर लागतं. ते तर आपलंच आहे. माझ्या भावाचं घर."

"मग मधे भिंत कोणी घातली?" आईनं विचारलं.

नानाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

"तुम्हीच म्हणाला होतात ना, आजपासून ते घर परकं? परक्या घरीच ठेवलं मी."

नानाजींनी भिंतीकडे पाहिलं. उन्हात तिच्या विटा ओळीनं उभ्या होत्या, एकेक वीट त्यांच्याच शब्दाची. घर आपलं म्हणावं तर भिंत खोटी. भिंत खरी म्हणावी तर पोर निघालेली.

"त्या लीलीला सांग," शेवटी ते म्हणाले, "दशम्या ताज्या कर म्हणावं."

दोन दिवसांनी, पहाट धुक्यात भिजत असताना, कुमुद सायकल हातात धरून भिंतीला वळसा घालून गेली. फाटकाशी लीला उभी होती. दारात मथूकाकू, हातात खणाची गाठ. चिंचेनं घासलेली पितळी वाटी तांबूस उजेडात सूर्यासारखी उगवली.

"तुझी आई दारात दिसली तर मला वाटलं, कोण गेलं!" काकू म्हणाल्या. "बसली घटकाभर. बोललो काहीच नाही. रडलो नुसत्या, दोघी वेड्यासारख्या."

त्यांच्या बोटांनी वाटी बसवली, आटे फिरवले, आणि त्यांनीच घंटी वाजवली. एकदा. पुन्हा एकदा. तो नाद भिंतीवर चढला, पलीकडे उतरला, आणि ओसरीच्या खांबाला टेकलेल्या एका बाईनं तो डोळे मिटून ऐकला.

मग धुकं दुभंगलं. चाक धावू लागलं, आणि वाटही.

दोघी हरिद्वारला पोचल्या. परतल्या तेव्हा माघ सरला होता, यवतमाळकरांनी दुसरी मुलगी पसंत केली होती. लीला पुढं भोपाळला नर्स झाली, तिथंच नांदली. कुमुद बैतूलच्या शाळेत मुलींना खेळ शिकवी. तिनं लग्न उशिरा केलं, आपल्या पसंतीनं. नानाजींनी भिंत काही पाडली नाही. पण त्याच उन्हाळ्यात तिला एक दार केलं. "हवा येत नव्हती," एवढंच म्हणाले. मथूकाकू वारल्या त्या, त्याच दारातून गिरिजाबाईंच्या खांद्याला धरून ओसरीवर येऊन बसल्या असताना, एका चैत्रातल्या दुपारी. मग नानाजीही गेले.

आई अमरावतीपलीकडे कधी गेली नाही. अंथरुणाला खिळली तेव्हा एके दिवशी तिनं कुमुदचा हात धरला.

"माझं परस्थान ठेवलंस का गं?"

"कोणत्या दिशेला ठेवू, आई?"

"ते ह्यांना विचार. पंचांग ह्यांच्यापाशी आहे."

कुमुद उठली. हळकुंड, सुपारी आणि घंटीची जुनी पितळी वाटी खणात बांधून भिंतीतल्या दारानं गेली, आणि काकूंच्या रित्या घरात, खिडकीच्या काठावर ठेवून आली. खिडकीत सातपुडा निळा होता, कपाशी पांढरी होती. चाक केव्हाच थांबलं होतं. वाट धावत होती.