परातीतली कावीळ

लातूर जिल्हा नवा झाला. कलेक्टर आले, पाट्या बदलल्या, पाऊस तेवढा आला नाही. औशाच्या रस्त्याला प्यायच्या घागरीसाठी मारामार. पण संगप्पा महाराजांच्या ओट्यावर कावीळ धुवायला पाणी कधी कमी पडत नसे. टँकरची रांग सोडून माणसं तिथल्या रांगेत उभी राहत.

त्या रांगेत महानंदा होती, पदरात दोन दिवसांचं पोर. पोर हळदीसारखं पिवळं. औशाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, तडक लातूरला न्या, रक्त बदलावं लागेल. सासू लक्ष्मीबाईंनी जीप वाटेतच थांबवली.

"थोरली पोरगी घरीच झाली, ठणठणीत हाय. मधलं पोरगं दवाखान्यात नेऊनबी असंच पिवळं पडून गेलं. दवाखान्यानं काय केलं?"

महाराजांनी महानंदाच्या तळहातांना वाडग्यातला कसलासा रस चोळला. "लेकराचे हात इवलेसे. आईच्या हातातून काढतो." वरून तांब्यातलं पाणी सोडलं. परात पिवळीजर्द झाली.

"बघा, समदी भाईर. आता सुईवाल्याच्या दारात गेलात तर मागारी भरंल."

महानंदाचा नवरा भीमाशंकर पाया पडला. जीप गावाकडं वळली.

दुसऱ्या दिवशी पोरानं दूध सोडलं, मान मागं टाकली. लातूरला नेलं तेव्हा उशीर झाला होता.

तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आईचं रक्त निगेटिव्ह, बाळाचं पॉझिटिव्ह. पहिल्या बाळंतपणात मुलीचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळलं. आईच्या शरीरानं ते परकं मानलं, त्याच्याशी लढायला शिकलं. तोवर पहिली जन्मली होती, म्हणून ती वाचली. पुढच्या बाळांचं रक्त मात्र पोटातच नासत गेलं. त्याचीच ही कावीळ."

"परातीत उतरलेली म्या डोळ्यानं बघितली," भीमाशंकर म्हणाला.

"वाडग्यात आंब्याच्या सालीचा रस आणि तांब्यात चुन्याची निवळी. एकत्र आले की पिवळं होणारच. तुमचे हात धुऊन बघा."

पोराला माती देऊन भीमाशंकर ओट्यावर गेला, रसाच्या वाडग्यात हात बुडवले आणि वरून तांब्या ओतून घेतला.

"तुला काय झालंय रं?" महाराज म्हणाले.

"काईच न्हाई. म्हणूनच धुवायलोय."

पाणी पिवळं. आडतवाले गुरुपादप्पा पुढं आले, पिवळं. तालमीतला सिद्धराम आला, त्याचंही पिवळं. सगळा धडधाकट गाव काविळीनं आजारी निघाला.

"आता तुमचे हात द्या, महाराज."

महाराजांना पूजेची आठवण झाली. रांगेत कुणी तरी हसलं. भीमाशंकर परातीपाशी तसाच बसून राहिला.

पुढं महानंदा पुन्हा लातूरच्या दवाखान्यात गेली. "माझं रगत वंगाळ हाय का, बाई?"

"नाही गं. नुसतं वेगळं आहे. पहिल्या बाळंतपणानंतर लगेच एक इंजेक्शन घेतलं असतं, तर हे टळलं असतं."

"आता द्या की."

"आता ते लागू पडत नाही. पुन्हा दिवस गेले तर लगेच इकडं ये. अवघड आहे, पण प्रयत्न करू."

महानंदानं सोबत आणलेल्या धाकट्या जावेचा, सिद्धम्माचा, हात धरून पुढं केला.

"हिचं बघा. पहिलंच हाय."

घरात कुणी गरोदर असेल तर आधी तिचं रक्त तपासून घ्या. देवाला नंतरही जाता येतं.