कुलूप आणि दोन बिल्ले

आमच्या धबधब्यावर कुठलीही सोय आली की आधी तिला कुलूप लागतं. पिण्याच्या पाण्याची मशीन आली, तिला कुलूप. दरी बघायची दुर्बीण आली, तिच्या डोळ्यांवर टोपण आणि टोपणाला कुलूप. त्यामुळे बायकांसाठी नवं स्वच्छतागृह बांधून झालं तेव्हा मी काही हुरळून गेले नव्हते. मोठे पाहुणे येऊन फीत कापेपर्यंत आत कुणी पाऊल टाकायचं नाही, टाकलं तर टपरीचा परवाना रद्द, असा हुकूम होता. जुनं स्वच्छतागृह मात्र पहिल्याच झटक्यात पाडलं. मग आम्ही टपरीवाल्या बायका एक गोष्ट शिकलो. घरून निघाल्यावर पाण्याचा घोट घ्यायचा नाही. दिवसभर मी लोकांना चहा पाजायची आणि स्वतःचे ओठ जिभेने ओले करायची.

त्या दिवशी उद्घाटन होतं आणि आमच्या टपऱ्यांचाही निकाल होता. नव्या सुशोभीकरणात आमच्या ताडपत्र्या शोभत नव्हत्या. त्यांच्या जागी एका रंगाचे, एका मापाचे गाळे उभे केले होते. गाळे कमी, टपऱ्या जास्त, म्हणून सोडत. प्रत्येकीच्या गळ्यात तिच्या टपरीच्या नंबरचा बिल्ला. चिठ्ठी निघाली की नंबर तीनदा पुकारायचा, बाईने माईकपाशी जाऊन बिल्ला दाखवून ‘हजर’ म्हणायचं. नाही गेली तर दुसरी चिठ्ठी. नवरा, मुलगी, कुणीही चालणार नाही.

माझा नवरा ह्याच कड्यावर वाटाड्या होता. पायऱ्यांना कठडा नव्हता त्या काळात एका पर्यटकाला सावरायला गेला आणि स्वतः घसरला. पर्यटक फोटो काढून घरी गेला, हा तेव्हापासून चाकांच्या खुर्चीत आहे. घर चहावर चालतं. गाळा गेला तर चूल गेली, इतका सरळ हिशोब होता.

सोडतीला अजून अवकाश होता. फरशी धुणारी माणसं नुकतीच गेली होती आणि स्वच्छतागृहाचं शटर अर्धं वर होतं. मला राहवलं नाही. मुलीला टपरीवर बसवलं, मोबाईल तिच्याकडे दिला आणि वाकून आत शिरले.

संडासाच्या दारातून बाहेर येऊन पाहते तर आरशासमोर माझी धाकटी जाऊ केस नीट करत उभी. गळ्यात आठ नंबरचा बिल्ला. माझा सात. आमच्या टपऱ्या शेजारी शेजारी, घरंही शेजारी शेजारी, आणि आमचं बोलणं बंद. ती टोप्या आणि गॉगल विकते. तिच्या टोप्यांची दोरी माझ्या खांबाला बांधलेली असायची. एका वाऱ्याच्या दिवशी ती सुटली आणि सगळ्या टोप्या दरीत गेल्या. तिचं म्हणणं, मी सोडली. मी सोडली नव्हती. आजही सांगते, नव्हती सोडली.

दोघींनी एकमेकींकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. तेवढ्यात शटर खडखडत खाली आलं आणि कुलपाचा खट्ट आवाज झाला.

मी धावत जाऊन शटरवर थापा मारल्या. “अहो वॉचमन, आत माणसं आहेत!”

नेमकं त्याच वेळी लाऊडस्पीकरवर गाणं लागलं. वॉचमन मुळात कानाने जरा कमी, त्यात गाणं. त्याची पावलं दूर गेली. मी शटर वर ओढून पाहिलं, खालून बोटं घालून पाहिली. काही नाही. मोबाईल दोघींचेही टपरीवर राहिलेले. त्यात मला लहानपणापासून बंद जागेत श्वास पुरत नाही.

“ओरडू नका, जाऊबाई,” ती म्हणाली. “ऐकून साहेब आले तर दोघींचे परवाने जातील.”

“आणि नाही आले तर गाळे जातील.”

बऱ्याच दिवसांनी आमच्यात झालेलं हे पहिलं बोलणं.

मी भिंती चाचपत फिरले. सगळं कसं चकचकीत. नळ सोडला तर फुस्स करून हवा आली. मागच्या भिंतीत उंचावर एक झरोका होता, काचेच्या पट्ट्यांचा. बेसिनवर पाय देऊन चढावं म्हणून मी त्याच्यावर जरासा भार टाकला, तर बेसिन भिंतीतून सुटून हातातच आलं. नुसत्या पांढऱ्या सिमेंटवर चिकटवलं होतं. मी ते बाळाला निजवावं तसं हळूच जमिनीवर ठेवलं. धाकटी तोंड फिरवून हसली. मला हसू आलं नाही. भिंती जवळ येतायत असं वाटत होतं.

गाणं थांबलं. माईकवर कुणीतरी खाकरलं. “पाहुण्यांना यायला उशीर आहे. तोवर आपण सोडत उरकून घेऊ.”

आम्ही दोघींनी एकदमच झरोक्याकडे पाहिलं. त्यातून जाईल अशी एकच होती. मी नाही. माझा घेर मला माहीत आहे. ती काडीसारखी. पण तिला वर पोचायला माझा खांदा लागणार होता.

खरं सांगते, मी लगेच खाली बसले नाही. ती बाहेर, मी आत. तिचा नवरा पर्यटकांची गाडी चालवतो, तिची चूल काही अडलेली नव्हती. टोप्यांचा धंदा तिने नवऱ्यापुढे हात पसरायला लागू नये म्हणून उभा केलेला. तिला गाळा हवा होता, मला लागणार होता. आणि मीच तिला खांद्यावर घेऊन पोचवायची?

“विचार काय करताय?” ती म्हणाली.

“तुझा विश्वास काय धरायचा, हा.”

“नका धरू. मग बसू दोघी इथेच.”

बाहेर पहिला नंबर पुकारला. कुणीतरी हजर म्हणालं, टाळ्या झाल्या. मी गळ्यातला बिल्ला काढून तिच्या गळ्यात घातला.

“आधी वॉचमनला गाठ,” मी म्हणाले. “तो नाही सापडला तर माझा नंबर आल्यावर हा दाखव. साहेब वरच्या ऑफिसातले आहेत, आपल्याला चेहऱ्याने ओळखत नाहीत.”

“आणि आधी माझा आला तर?”

“तर तुझा दाखव. एकच बाई दोनदा हजर होऊ शकत नाही, एवढं कळतं मला.”

मी भिंतीला टेकून बसले. ती खांद्यावर चढली. मी कुथत उभी राहिले. हाडं कडकड वाजली. वर तिने पट्ट्या एकेक सरकवून काढल्या, माझ्या हातात दिल्या, आणि डोकं, मग कंबर, मग पाय असं करत ती गेली. बाहेर धप्पकन आवाज झाला. “आई गं” ऐकू आलं. मग पळणारी पावलं. मग काही नाही.

आता मी एकटी. घसा इतका कोरडा की आवंढा गिळवेना. सोडत चालूच होती. हजर, टाळ्या. हजर, टाळ्या. प्रत्येक टाळीला एक गाळा कमी होत होता.

“टपरी क्रमांक सात.”

मी शटरला कान लावला.

“क्रमांक सात. दुसऱ्यांदा.”

कुणी बोलेना. मला कळून चुकलं. ती तिथेच कुठेतरी उभी असणार, दोन बिल्ले पदराखाली धरून. सात गेला की आठची वाट मोकळी. मला तिचा राग यायला हवा होता. पण तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे काही मला छातीवर हात ठेवून सांगता येईना. मला नुसतं रडू आलं. नवऱ्याला घरी जाऊन काय सांगू, एवढंच डोक्यात होतं.

“क्रमांक सात. तिसऱ्यांदा.”

“हजर.”

आवाज धापा टाकत होता, पण तिचाच होता. टाळ्या झाल्या. मी फरशीवर बसकण मारली.

आणि त्यानंतरची दुसरी का तिसरीच चिठ्ठी. “टपरी क्रमांक आठ.”

मी उठले.

“क्रमांक आठ. दुसऱ्यांदा. आहेत का बाई?”

त्या बंद शटरमागे, कुणालाही ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी उभी राहून मी म्हणाले, “हजर.” तिसऱ्या पुकाऱ्याला पुन्हा म्हणाले. मग त्यांनी दुसरी चिठ्ठी काढली.

थोड्या वेळाने बाहेर गर्दीचा आवाज जवळ आला. पाहुणे आले होते. मी डोळे पुसले, पदर खोचला, डोक्याला रुमाल गुंडाळला आणि धुणाऱ्यांनी विसरलेली बादली आणि झाडू हातात घेतला. शटर वर गेलं, फीत कापली गेली, आणि पाहुण्यांसमोर मी वाकून फरशी झाडत होते. साहेबांना वाटलं, ठेकेदाराने ठेवली. ठेकेदाराला वाटलं, साहेबांनी.

“वा, स्वच्छता तर छानच आहे,” पाहुणे म्हणाले. त्यांनी माझ्यासोबत फोटो काढून घेतला. जमिनीवरच्या बेसिनकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं तेव्हा ठेकेदार म्हणाला, “लहान मुलांसाठी आहे, साहेब.”

शटरच्या कडीला कुलूप लटकत होतं, किल्ली त्यातच. वॉचमन शेजाऱ्याला सांगत होता, “फोटो झाले की परत बंद करायचंय. ताबा द्यायचा बाकी आहे अजून.” मी बाहेर पडता पडता ते कुलूप किल्लीसकट काढलं आणि बादलीत टाकून वर फडकं टाकलं.

धाकटी नव्या गाळ्यासमोर उभी होती. कोपर सोललेलं, चपलेचा अंगठा तुटलेला. तिने माझा बिल्ला काढून दिला.

“वॉचमन गेटवर गेला होता पाहुण्यांना आणायला,” ती म्हणाली. “तिथवर पळत गेले, तर पाहुणे येईपर्यंत त्याला तिथून हलू देईनात. परत आले तर तुमचा नंबर चालू.”

“तुझाही आला होता.”

“ऐकला मी.”

ती गाळ्यात डोकावली. आत एक ओटा, एक खिडकी, आणि दोघी उभ्या राहिल्या तर कोपराला कोपर लागेल एवढी जागा. मघाच्या कोंडवाड्यापेक्षा लहान.

“टोप्या वर टांगू,” मी म्हणाले. “चहा खाली. अर्धा ओटा तुझा.”

“दोरी कशाला बांधायची?”

“माझ्या खांबाला बांध. आणि मी ती सोडली नव्हती.”

“सोडली होती, ताई,” ती म्हणाली. इतक्या दिवसांत जाऊबाई सोडून ताई तेव्हाच म्हणाली.

सामान हलवेपर्यंत ऊन उतरलं. वॉचमन गाळ्यागाळ्यात विचारत आला. “कुलूप बघितलं का कुणी? नवं मागवायचं तर वर प्रस्ताव जाणार, मंजुरी येणार, पावसाळा निघून जाईल. तोवर हे असं सताड उघडंच राहणार.”

“कसलं कुलूप?” धाकटी म्हणाली.

मी चहाच्या भांड्याआडच्या बादलीवरचं फडकं नीट केलं आणि पाण्याचा पेला काठोकाठ भरून तिच्यापुढे धरला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर उघड्या शटरकडे. पेला दोन्ही हातांनी धरून तिने तो एका दमात संपवला आणि पुन्हा पुढे केला.