एर्मेलिंदाच्या दारात गोळ्याची गाडी

बुधवारी पहाटे झाडं मोडायला लागली. आधी लांब कुठेतरी कडाड असा आवाज झाला, मग जरा जवळ, मग आमच्याच अंगणात. रात्रभर पाऊस होता, पण पडेल तिथे गोठणारा. ओकच्या पानापानावर काच चढली होती आणि फांद्यांना तो भार पेलवत नव्हता. सहाच्या सुमाराला एक फांदी तारांवर आली आणि गल्लीतली वीज गेली.

ऑस्टिनमधली आम्ही माणसं उन्हाला सरावलेली. ऑगस्टमधे डांबर पायाला चिकटतं तेव्हाही आम्ही अंगणात मांस भाजत बसतो. बर्फावर पाऊल कसं टाकायचं हे मात्र कुणाच्या आईने कुणाला शिकवलेलं नाही.

मी शाळेची बस चालवते, सव्वीस वर्षं झाली. त्या दिवशी शाळा बंद होत्या. गॅसवर कॉफी ठेवून मी हात शेकत उभी होते, तेवढ्यात एर्मेलिंदाचा फोन आला. ती माझ्या थोरल्याची धर्ममाता, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो.

"कोमाद्रे, जरा ये."

"काय झालं?"

"तू ये आधी."

तिचं घर चढाच्या माथ्यावर, माझ्यापासून तिसरं. कुंपण धरून, दोनदा आपटून, शेवटचा तुकडा चक्क बसून सरकत मी तिच्या पायरीशी पोचले.

तिचा नवरा फिदेन्सिओ खोलीत उशांना टेकून बसला होता, अंगावर तीन गोधड्या. तीस वर्षं त्याने दगड कापले, त्या धुळीने फुप्फुसं गेली. चार वर्षं तो ऑक्सिजनच्या यंत्रावर होता. भिंतीशी ते यंत्र मुकाट उभं होतं आणि नाकातली नळी एका टाकीला जोडली होती. रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला लावलेल्या चिमट्यावर एकोणनव्वद आकडा दिसत होता. टाकीचा काटा लाल पट्टीच्या अगदी जवळ आला होता.

"दुसरी टाकी?"

"हीच दुसरी," एर्मेलिंदा म्हणाली. "पहिली संपल्यावर मी टाकीवाल्यांना फोन केला. त्यांची गाडी घसरून खड्ड्यात गेलीये. ॲम्ब्युलन्सवाली बाई म्हणते चार तास, कदाचित पाच. त्याला ऊब द्या म्हणाली, बाहेर काढू नका म्हणाली."

"ही किती वेळ पुरेल?"

"अडीच तास, असं म्हणाली."

फिदेन्सिओने हात वर केला. बोलायचं असलं की तो असाच हात वर करायचा, म्हणजे आम्ही थांबायचो आणि त्याला घाईने श्वास घ्यावा लागायचा नाही.

"निकानोर," तो म्हणाला. जरा थांबून, "जनरेटर."

एर्मेलिंदाने त्याची गोधडी सारखी केली.

निकानोर बाल्देरासची बर्फाच्या गोळ्याची गाडी होती. चिंचेचा, आंब्याचा, तिखट घातलेला गोळा. उन्हाळ्यात तिच्यापुढे रांग लागायची. ही गाडी एर्मेलिंदाच्या समोरच उभी असे. दुपारी बारापासून भोंग्यावर गाणी आणि त्याखाली जनरेटरची घरघर. फिदेन्सिओला दिवसाच काय ती झोप लागायची, तीही जायची. एर्मेलिंदाने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा भांडली, आणि मग सह्या गोळा करून पालिकेत अर्ज दिला. निकानोरला गाडी तिथून हलवावी लागली. आता ती उताराच्या पायथ्याशी, बंद पडलेल्या गाड्या धुण्याच्या जागेत उभी असे, आणि तिकडे कुत्रंही फिरकत नव्हतं. आठ महिने तो आणि एर्मेलिंदा एकमेकांशी बोललेले नव्हते.

"मी फोन करते त्याला," मी म्हणाले.

"नको. हे फोनवर मागायचं नसतं." तिने नवऱ्याचे बूट चढवले, त्यावर त्याचेच जाड मोजे ओढले. बुटांवर मोजे घातले की पाय कमी घसरतो, हे तिला कुणी सांगितलं देव जाणे. सत्तरीची बाई माझा दंड धरून रस्ता ओलांडून गेली.

निकानोरने दार उघडलं. त्याचा उजवा हात स्वयंपाकघरातल्या फडक्याने गळ्यात अडकवलेला होता. सकाळीच पायरीवरून घसरला होता, मनगट वांग्यासारखं सुजलं होतं.

"सेन्योरा," तो म्हणाला. एवढंच.

"निकानोर, तुझ्याविरुद्ध अर्ज मी दिला होता."

"माहीत आहे. पहिली सही तुमचीच होती."

"फिदेन्सिओचा ऑक्सिजन दोन तासांत संपेल. तुझं जनरेटर पाहिजे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुमचीपण होती, एलोइसाबाई. सातवी."

"होती," मी म्हणाले.

त्याने गळ्यातलं फडकं सारखं केलं. मग म्हणाला, "ते भांडण आपण सावकाश भांडू. पण जनरेटर उचलून आणता येणार नाही. गाडीच्या पोटात वेल्ड केलंय, पेट्रोल गाडीच्याच टाकीतून घेतं. आख्खी गाडीच वर आणावी लागेल. आणि माझा हात हा असा."

मग दोघंही माझ्याकडे बघायला लागली.

"तू बस चालवतेस ना," एर्मेलिंदा म्हणाली.

"कोरड्या रस्त्यावर, कोमाद्रे."

"मग रस्ता कोरडा करू."

ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि तिने हाका मारायला सुरुवात केली. नाव घेऊन, घर घेऊन. त्या बाईचा आवाज गोठलेल्या गल्लीत असा घुमला की पडदे हलले, दारं उघडली. पाच मांजरं पाळणारी देल्फिना मांजरांच्या वाळूच्या दोन अख्ख्या पिशव्या घेऊन आली. बाल्तासारच्या अंगणात विटांची मोठी भट्टी होती. वर्षभराची राख त्याने बादल्यांत भरली, वर लाकूड कापायचं यंत्रही आणलं. पण चढ होता दीडशे पावलांचा आणि राख-वाळू संपली चाळिसाव्या पावलाला.

"सतरंज्या," एर्मेलिंदा म्हणाली. "गालिचे, पायपुसणी, काय असेल ते. चाकाखाली घाला, गाडी पुढे गेली की मागचं उचलून पुढे टाका."

आणि तिने स्वतःच्या बैठकीतला लाल गालिचा ओढत बाहेर आणला. लग्नात मेक्सिकोतल्या साल्तियोहून आलेला होता तो. आमच्या मुलांना त्यावर बूट घालून कधी उभं राहू दिलं नव्हतं तिने.

आम्ही खाली गेलो. गाडीच्या दारावरचं बर्फ निकानोरने डाव्या हाताने हातोडीने फोडलं. मी चालकाच्या जागेवर बसले, तो शेजारी. गाडी चौथ्या प्रयत्नाला सुरू झाली. आत सरबतांचा वास होता, स्ट्रॉबेरीचा.

"बस समजू नका हिला," तो म्हणाला. "हिचं ढुंगण जड आहे."

"माझंही आहे. तू गप्प बस आणि मला मागचं सांग."

पहिली चाळीस पावलं राखेवरून बरी गेली. मग सतरंज्या सुरू झाल्या. मी पहिल्या गियरमधे, जेमतेम पाय टेकवून, चालत्या माणसापेक्षाही हळू. दोन्ही बाजूंनी माणसं सतरंज्या ओढत होती, पळत होती, पडत होती, उठत होती. बाल्तासार आणि त्याची मुलगी मोडक्या फांद्यांचे ओंडके घेऊन बाजूने चालत होते. गाडी थांबली की ते ओंडके चाकांमागे सरकवत. मागे कुणी उभं राहायचं नाही, हे मी आधीच बजावलं होतं. गाडी मागे आली असती तर तिला कुणी थोपवू शकलं नसतं.

अर्ध्यावर एक मोठी फांदी आडवी पडली होती. बाल्तासार ती कापेपर्यंत मी ब्रेकवर पाय रोवून बसून राहिले. घड्याळात अकरा वीस झाले होते. वरून कुणीतरी ओरडून सांगितलं, "चौऱ्याऐंशी!" फिदेन्सिओच्या बोटावरचा आकडा.

फांदी हटली. मी निघाले, आणि डावीकडची सतरंजी चाकाखालून सटकली. गाडीचा मागचा भाग हळूहळू देल्फिनाच्या उभ्या मोटारीकडे वळायला लागला. एवढा हळू की मला तो सगळा दिसत होता आणि थांबवता येत नव्हता. सगळं अंग सांगत होतं, ब्रेक दाब. पावसात बस घसरली तर काय करायचं हे मी नव्या चालकांना दरवर्षी शिकवते. ब्रेक सोडायचा, आणि मागचं टोक जिकडे चाललंय तिकडे चाक वळवायचं. शिकवायला सोपं असतं ते. मी पाय उचलला. चाक डावीकडे घेतलं, मोटारीच्याच दिशेने. निकानोरने डोळे मिटले.

गाडी सरळ झाली. देल्फिनाच्या आरशाला घासून गेली फक्त.

"गालिचा!" मी खिडकीतून ओरडले. "आता लाल गालिचा टाका!"

एर्मेलिंदाने स्वतः तो चाकाखाली कोंबला. त्याची वीण जाड होती, दात असल्यासारखी. चाकाने तो धरला, फरफटत मागे नेला, आणि गाडी एका दमात बारा पावलं वर आली. पुन्हा टाकला, पुन्हा बारा पावलं. तिसऱ्यांदा तो मधोमध टर्रकन फाटला, पण तोवर पुढची चाकं माथ्यावर लागली होती.

मी गाडी तिच्या दारात आडवी लावली, धुरांड्याचं तोंड घराच्या उलट दिशेला. दोन वर्षांपूर्वीच्या बर्फात लोक जनरेटरच्या धुराने कसे गेले ते आम्ही विसरलो नव्हतो. निकानोरने कळ दाबली. जनरेटर दोनदा खोकलं आणि घरघरायला लागलं. मी वायर हातात घेऊन खोलीत शिरले तेव्हा टाकीचा काटा शून्यावर टेकला होता आणि फिदेन्सिओचे ओठ निळसर दिसत होते.

यंत्राचा हिरवा दिवा लागला.

आम्ही सगळे त्याच्या बोटाकडे बघत उभे होतो. ब्याऐंशी. ब्याऐंशी. चौऱ्याऐंशी. दारात, खिडकीशी, पायरीवर माणसं उभी होती, राखेने काळी, गुडघे फुटलेली. सत्त्याऐंशी. नव्वद. ब्याण्णवला देल्फिना रडायला लागली. एर्मेलिंदा रडली नाही. ती बाहेर गेली आणि तिने निकानोरचा चांगला हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"मी चुकले नव्हते," ती म्हणाली. "ती गाणी खरंच वाईट होती. पण मी आधी तुझ्या घरी येऊन बसायला हवं होतं. कागद नंतर."

"गाणी माझ्या मेव्हण्याच्या आवडीची होती," निकानोर म्हणाला. "मलाही वाईटच वाटायची."

फिदेन्सिओने हात वर केला. आम्ही थांबलो.

"अजून," तो म्हणाला, "कुणाचं काय बंद आहे?"

मग कळलं, दोन घरं सोडून एका लेकुरवाळीला बाळाच्या दुधाची बाटली गरम करायला साधन नव्हतं. एका आजीला इन्सुलिन किती घ्यायचं ते मुलाला विचारायचं होतं आणि तिचा फोन मेला होता. सगळं गाडीशी आलं. गोळ्याच्या खिडकीतून आता वायरी बाहेर लोंबत होत्या. निकानोर एका हाताने त्या सांभाळत होता आणि नंबर लावत होता. पेट्रोल संपेल म्हणून गल्लीतल्या प्रत्येकाने आपापल्या मोटारीतून नळीने काढून दिलं. मी माझ्या पातेल्यात बीन्सचं सूप केलं, बाल्तासारने भट्टी पेटवून अख्ख्या गल्लीतलं वितळायला लागलेलं मांस भाजलं. ॲम्ब्युलन्स संध्याकाळी चारला आली. त्यातल्या पोराने फिदेन्सिओला तपासलं, गाडीकडे पाहिलं, चढाकडे पाहिलं आणि विचारलं, "हे वर आणलं कुणी?" सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी म्हणाले, सतरंज्यांनी.

जनरेटर शनिवारी दुपारपर्यंत चाललं, एकूण त्र्याहत्तर तास. मधे दोनदाच थांबवलं, तेल घालायला. तेवढ्यापुरती ॲम्ब्युलन्सवाल्यांनी ठेवलेली टाकी होती. शनिवारी ऊन पडलं, झाडांवरची काच सगळीकडे खळखळून गळायला लागली, आणि दीड वाजता घराघरांतून दिवे लागले. निकानोरने कळ बंद केली. फिदेन्सिओचं यंत्र भिंतीतल्या विजेवर चालू राहिलं. आकडा चौऱ्याण्णव.

त्या शांततेत आम्ही चढाच्या रस्त्यावर उतरलो. डांबराला चिकटलेल्या सतरंज्या सोडवायच्या होत्या. भिजलेल्या, राखेत माखलेल्या, टायरची नक्षी कायमची उमटलेल्या. कुणाची कुठली ते ओळखू येईना आणि त्यावरून हसून हसून आमच्या बरगड्या दुखल्या. एर्मेलिंदाने आपल्या गालिच्याचे दोन तुकडे शोधून काढले, झटकले, आणि एक माझ्या कुंपणावर वाळत घातला, एक निकानोरच्या.